जत्रेत चुलीपाशी कोण?

चैत्रात काही दिवस मुंबईच्या कचेऱ्यांत डबा येत नाही. डबेवाले गावी गेलेले असतात, जत्रेला. १८९०मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या धंद्यातली बहुतेक माणसं मुळशी, मावळ, खेड, जुन्नर या पट्ट्यातली. एरवी कशाला न थांबणारी ही माणसं ग्रामदैवताच्या यात्रेला मात्र थांबतात. चार दिवसांचा रोजगार बुडतो, वर गाडीभाडं आणि पाहुण्यांचा खर्च. हिशेबाच्या वहीत हे कुठेच बसत नाही.

पुण्याचा चांदणी चौक ओलांडून भूगाव, पिरंगुट, पौड असं पुढे गेलं की त्या दिवसांत गावागावांत पालखी, छबिना आणि कुस्त्यांचे फड दिसतात. लेकी माहेरी आलेल्या, मुंबईचे चुलते सहकुटुंब उतरलेले. दोन खोल्यांच्या घरात वीस माणसं झोपतात, म्हणजे झोपत नाहीत. ओट्यावर बसून दोनदोन वाजेपर्यंत कुणाच्या म्हशीच्या आणि कुणाच्या सोयरिकीच्या गोष्टी चालतात.

यात सुख असतं का? असतं, आणि ते मोजूनही झालं आहे. नोबेलविजेते मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदला दिवस तुकड्यातुकड्यांनी आठवून लिहायला लावला: कुठे होतात, काय करत होतात, सोबत कोण होतं, कसं वाटलं. सोबतीच्या यादीत मित्रमैत्रिणी सगळ्यांत वर, पाठोपाठ नातेवाईक. नवरा आणि मुलं त्यांच्या खाली. साहेब पार तळाला, हे सांगायला नकोच. कामांच्या यादीत तळाला होता तो कामावर जाण्यायेण्याचा वेळ. हिंजवडीच्या कोंडीत रोज सकाळी अडकणाऱ्याला यासाठी टेक्सासचा दाखला लागणार नाही. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते, ही गंमत वेगळी.

पण मुलं मैत्रिणींच्या खाली कशी? २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेथन हडसन आणि सहकाऱ्यांनी चारशेहून अधिक लोकांकडून अशाच नोंदी घेतल्या, तेव्हा याचा उलगडा झाला. मित्रांबरोबर आपण बसतो, खातो, हसतो. घरच्यांबरोबर धुणीभांडी करतो, पोरांच्या मागे धावतो. कामाचा हा फरक हिशेबातून वजा केला की मित्र आणि घरचे यांच्या सहवासातलं अंतर जवळपास उरत नाही. त्रास माणसांचा नसतो, त्यांच्यासोबत आपल्या वाट्याला आलेल्या कामाचा असतो.

हे वाचल्यावर मला जत्रेतलं स्वयंपाकघर आठवलं. बाहेर ओट्यावर हशा पिकलेला, आत थोरली सून पहाटेपासून पुरण शिजवतेय. एक पंगत उठली की दुसरी. तिच्या जावा, नणंदा, चुलत सासवा सगळ्या त्याच घरात आहेत, पण तिचं बोलणं ‘अजून दोन वाढू का’ एवढंच. जत्रा कशी झाली म्हणून विचारलं, तर पदराला हात पुसत म्हणाली, ‘झाली बाई एकदाची.’ त्याच छपराखाली, त्याच चार दिवसांत तिच्या दिराला वर्षभर पुरेल एवढी मजा आली होती.

काम नको असं मात्र नाही. मुळशीत भातलावणीला सगळा दिवस चिखलात वाकून जातो. पाठ मोडते, तरी खाचरात चेष्टामस्करीला खळ नसतो. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. या इर्जिकीच्या शेवटी जेवणही असतं. तिथे सगळेच वाकलेले असतात आणि सगळेच जेवायला बसतात. एकटीनं वाकायचं आणि बाकीच्यांनी बसायचं, हा प्रकार वेगळा. तरुण जोडप्यांनी गावी जाणं कमी केलं की वडीलधारे मोबाइलला दोष देतात. मला वाटतं, अर्धं कारण मोरीत साचलेल्या भांड्यांत आहे.

तेव्हा यंदा जत्रेला गेलात तर जेवण झाल्यावर ओट्यावर लगेच बैठक मारू नका. दोघा भावांनी मोरीशी बसावं, वहिनीला ओट्यावर पाठवावं. तिच्याकडेही वर्षभराच्या गोष्टी साठलेल्या असतात.