तांब्यात कोरलेला राजा

नाणी आणि पुतळे सोडले, तर चौदाव्या लुईचा चेहरा राजवाड्याबाहेर पोचला तो कागदावर, काळ्या रेघांत. रंगाचा ठिपकाही नाही. तरी गालाचा मऊपणा वेगळा दिसतो, चिलखताची चकाकी वेगळी आणि गळ्यातली लेस आणखी वेगळी. हे सगळं मुख्यतः एका हत्याराचं काम. पोलादाची बारीक चौकोनी सळई, टोक तिरकं घासलेलं, मागे लाकडी मूठ. फ्रेंच कारागीर तिला ब्युरँ म्हणतात.

मूठ तळव्यात बसवून हत्यार पुढे ढकलायचं. नांगराने तास पडावा तशी तांब्यात चर पडत जाते. दाब वाढवला की रेघ खोल आणि रुंद होते; सैल सोडला की केसासारखी होऊन विरते. वळण घेताना मात्र हात जवळजवळ जागेवरच असतो, वळतो तो पत्रा. वाळू भरलेल्या चामडी उशीवर तो ठेवलेला असतो आणि डावा हात त्याला फिरवत राहतो. राजाच्या केसांची डौलदार बट ही निम्मी डाव्या हाताची करामत आहे.

मग पत्रा जरा तापवून शाई चोळायची, वरची पुसून काढायची, चरांतली ठेवायची. त्यावर ओलसर कागद घालून दोन रुळांमधून दाबून काढला की शाई कागदावर उतरते. चित्र उलटं उमटतं, तेव्हा राजाचा उजवा हात उजवाच राहायला हवा असेल तर पत्र्यावर सगळं उलटं कोरावं लागतं. अब्राहाम बोसने १६४५ सालीच या धंद्यावर पुस्तक लिहून ठेवलं होतं.

या कामातला खरा उस्ताद रीम्सचा रॉबेर नांतय. १६५८मध्ये तो राजाचा अधिकृत रेखाटनकार आणि खोदकार झाला. दुसऱ्याच्या तैलचित्राची नक्कल करण्यापेक्षा समोर बसलेल्या माणसावरून स्वतः रेखाटन करायचं आणि त्यावरून कोरायचं, ही त्याची आवडती पद्धत. राजाही त्याच्यासमोर बसला, एकदा नव्हे, अनेकदा. त्याची चेहऱ्यावरची रेघ आखूड, तुटक, मध्ये ठिपके. केसांत ती लांब सुटते. १६६० साली लुई लग्नासाठी सँ-झाँ-द-ल्यूझला गेला असताना निघालेल्या फर्मानाने खोदकामाला कारागिरांच्या संघाच्या बंधनांतून सोडवून मुक्त कलांमध्ये बसवलं. त्याचं श्रेय बरेचदा नांतयलाच दिलं जातं.

त्याच काळात क्लोद मेलाँने १६४९ साली ख्रिस्ताचा चेहरा नाकाच्या शेंड्यापासून सुरू होणाऱ्या एकाच चक्राकार रेघेत कोरला. कसरत म्हणून अफाट! पण तिथे आपण मेलाँची रेघ बघत बसतो. नांतयच्या छाप्यात रेघ विसरायला होते आणि समोर माणूस उरतो. मला हे अधिक अवघड वाटतं.

इयासँत रिगोने १७०१ साली राज्याभिषेकाच्या पोशाखातला लुई रंगवला. तो खरं तर स्पेनच्या गादीवर बसलेल्या नातवासाठी होता, पण राजाला इतका आवडला की घरीच राहिला. पिएर द्रव्हेने त्याचा छापा कोरला. पांढऱ्या शाईची सोय नाही, म्हणून झग्याच्या आतली फर उजळायची तर कागद कोरा सोडावा लागतो. कुठे सोडायचा, हे कोरतानाच ठरतं. छापा १७१४-१५च्या सुमारास तयार झाला आणि १ सप्टेंबर १७१५ला राजा गेला. छाप्यातला चेहरा त्रेसष्टीचा आहे. खालचे रेशमी मोज्यांतले पाय मात्र नाचणाऱ्या तरुणाचे. रिगोने दिलेली ही सवलत द्रव्हेने काढून घेतली नाही.