नादारी : कर्जमुक्तीचा कायदेशीर मार्ग आणि त्यानंतरची उभारणी

घेतलेले कर्ज फेडलेच पाहिजे, ही आपल्या समाजाची जुनी व निरोगी धारणा आहे. तथापि दीर्घ आजार, व्यवसायातील बूड, अतिवृष्टी वा अवर्षण, किंवा दुसऱ्यासाठी राहिलेली जामीनकी यांमुळे प्रामाणिक माणसाच्याही हातून फेड होऊ शकत नाही, असे प्रसंग येतात. अशा वेळी एका सावकाराचे देणे भागविण्यासाठी दुसऱ्याकडे हात पसरले जातात, दागिने गहाण पडतात आणि कर्ज कमी होण्याऐवजी वाढत जाते. हे दुष्टचक्र थांबविण्यासाठी कायद्याने एक मार्ग ठेवला आहे. त्यास नादारी असे म्हणतात.

नादारीविषयी दोन गैरसमज आढळतात. काहींना ती कायमची नामुष्की वाटते, तर काहींना कर्ज बुडविण्याची युक्ती. वस्तुतः ती दोन्ही नव्हे. ऋणकोने आपली सर्व मालमत्ता व सर्व देणी न्यायालयापुढे उघड करावीत, त्या मालमत्तेची धनकोंमध्ये कायद्याप्रमाणे वाटणी व्हावी आणि त्यानंतर न्यायालयाने त्यास उरलेल्या ओझ्यातून मोकळे करावे, असा हा व्यवहार आहे. म्हणून नादार ठरविणारा आदेश हा या कार्यवाहीचा शेवट नसून आरंभ होय. तिचा खरा शेवट मुक्ततेच्या आदेशाने होतो. ही गोष्ट ध्यानात न आल्यास नादारीचा लाभ हाती न पडता तिचे तोटे तेवढे वाट्यास येतात.

कायद्याची पार्श्वभूमी

कर्जबाजारीपणाचा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. जमावाचा रोख मुख्यतः सावकारांकडील कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. या उठावाच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास तुरुंगात टाकण्यास त्याने बंदी केली आणि शेतकऱ्यांच्या नादारीसाठी स्वतंत्र तरतुदी केल्या.

पुढे मुंबई, कलकत्ता व मद्रास या इलाखा शहरांसाठी १९०९ चा आणि अन्य प्रदेशांसाठी १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम करण्यात आला. २०१६ मध्ये संसदेने नादारी व दिवाळखोरी संहिता संमत केली. त्या संहितेत व्यक्तींसाठीही प्रकरणे आहेत. परंतु १ डिसेंबर २०१९ पासून ती केवळ कंपन्यांच्या कर्जांस जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरती अंमलात आणण्यात आली. सामान्य शेतकरी, दुकानदार वा नोकरदार यांच्या बाबतीत मुंबई शहरात १९०९ चा आणि अन्य जिल्ह्यांत सामान्यतः १९२० चा अधिनियमच विचारात घ्यावा लागतो. पुढील विवेचन १९२० च्या अधिनियमास अनुसरून केले आहे.

अर्ज कोणी व कोठे करावा

ज्यास आपली देणी फेडणे अशक्य झाले आहे, असा ऋणको स्वतः अर्ज करू शकतो. त्यासाठी देणे किमान पाचशे रुपयांचे असावे, अथवा पैशाच्या हुकूमनाम्याच्या बजावणीत त्यास अटक झालेली असावी, अथवा त्याच्या मालमत्तेवर जप्तीचा आदेश चालू असावा. ठरावीक परिस्थितीत धनकोही असा अर्ज करू शकतो. ऋणको सामान्यतः जेथे राहतो वा धंदा करतो, तेथील जिल्हा न्यायालयाकडे किंवा त्यासाठी अधिकार दिलेल्या दुय्यम न्यायालयाकडे अर्ज करावयाचा असतो.

अर्जासोबत सर्व धनकोंची नावे, पत्ते व रकमा आणि सर्व मालमत्तेची यादी द्यावी लागते. इतरांकडून येणे असलेल्या रकमा व हिशेबाच्या वह्याही दाखवाव्या लागतात. येथे काहीही लपविणे अंगलट येते. अर्जापूर्वी घर वा जमीन पत्नीच्या किंवा भावाच्या नावे करून ठेवावी, असा सल्ला गावोगाव दिला जातो. परंतु नादार ठरण्यापूर्वीच्या दोन वर्षांत योग्य मोबदल्याशिवाय केलेले हस्तांतरण न्यायालय रद्द करू शकते. तसेच अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत एखाद्याच धनकोस झुकते माप देऊन केलेली फेडही अग्राह्य ठरू शकते. खोटे हिशेब ठेवणे वा मालमत्ता दडविणे यांस तर कारावासाची शिक्षा आहे.

काय जाते, काय राहते

नादार ठरविणारा आदेश होताच ऋणकोची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा त्याने नेमलेल्या प्रापकाकडे, म्हणजे रिसीव्हरकडे, जाते. त्यानंतर कोणत्याही धनकोस न्यायालयाच्या परवानगीविना वेगळी वसुली करता येत नाही. अटकेपासून संरक्षण देणारा आदेशही मागता येतो.

मात्र सर्वस्व हिरावले जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० अन्वये जी मालमत्ता जप्त होऊ शकत नाही, ती नादारीतही सुरक्षित राहते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी व अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, उपजीविकेस आवश्यक जनावरे व बियाणे, तसेच शेतकरी वा मजूर स्वतः राहत असलेले घर यांचा त्यात समावेश होतो. शेतजमिनीस मात्र असे सरसकट संरक्षण नाही. पगारापैकी पहिले एक हजार रुपये व उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग सामान्य हुकूमनाम्याच्या जप्तीतून वगळला जातो. म्हणजे जप्तीच्या हिशेबात धरावयाचा पगार ३१,००० रुपये असेल, तर २१,००० रुपये सुरक्षित राहतात.

अटकेच्या भीतीविषयीही स्पष्टता हवी. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीस अटक करता येत नाही. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, केवळ गरिबीमुळे फेड होत नसेल व लबाडीचा हेतू नसेल, तर ऋणकोस तुरुंगात टाकणे योग्य नाही.

वाटणीचे एक उदाहरण

समजा, तालुक्याच्या गावातील एका दुकानदारावर आठ लाख रुपयांचे कर्ज आहे. त्यापैकी दोन लाख बँकेचे असून ते मालवाहू गाडीच्या तारणावर आहेत. घाऊक व्यापाऱ्यांचे ३,४०,०००, पतसंस्थेचे २,००,००० आणि हातउसने ६०,००० रुपये आहेत. तारण घेतलेल्या धनकोचा हक्क नादारीने बाधित होत नाही. म्हणून बँक गाडी विकते व तिला १,४०,००० रुपये मिळतात. तिचे उरलेले ६०,००० रुपये इतर विनातारण देण्यांत मिळविले जातात. विनातारण देणी अशा रीतीने ६,६०,००० रुपये होतात.

दुकानातील माल व उधारीची वसुली यांतून खर्च वजा जाता १,६५,००० रुपये हाती आले, तर प्रत्येक धनकोस रुपयामागे पंचवीस पैसे मिळतील. व्यापाऱ्यांना ८५,०००, पतसंस्थेस ५०,०००, बँकेस १५,००० व हातउसने देणाऱ्यांना १५,००० रुपये, अशी ही वाटणी होईल. शासनाची वा स्थानिक संस्थेची देणी आणि नोकरांचे ठरावीक मर्यादेपर्यंतचे वेतन थकलेले असेल, तर ते मात्र आधी भागवावे लागते.

मुक्तता : सर्वांत महत्त्वाची पायरी

नादार ठरविताना न्यायालय मुक्ततेसाठी अर्ज करण्याची मुदत ठरवून देते. धनकोंचा तगादा थांबला की अनेकदा ऋणको ही मुदत विसरतो. त्याचे परिणाम गंभीर होतात. मुदतीत अर्ज न केल्यास नादारीचा आदेशच रद्द केला जातो, धनकोंना वसुलीचा मार्ग खुला होतो आणि न्यायालयाच्या परवानगीविना पुन्हा नादारीचा अर्ज करता येत नाही. शिवाय मुक्तता मिळेपर्यंत नव्याने मिळविलेली मालमत्ताही प्रापकाकडेच जाते. म्हणजे वर्षभराच्या कष्टातून घेतलेले यंत्रही आपले राहील, याची खात्री नसते. आपण मुक्त न झालेले नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपये वा अधिक उधारी घेणे हाही गुन्हा आहे.

मुक्तता देताना न्यायालय ऋणकोचे वर्तन पाहते. मालमत्तेतून विनातारण देण्यांच्या रुपयामागे पन्नास पैसेही निघत नसतील, तर बिनशर्त मुक्तता सहसा मिळत नाही. मात्र ही स्थिती आपल्या दोषाने आलेली नाही, असे ऋणकोने पटवून दिल्यास गोष्ट वेगळी. वरील दुकानदाराच्या बाबतीत पंचवीस पैसेच निघाले आहेत. त्याचे दुकान पुरात सापडले असेल व त्याने हिशेब नीट ठेवले असतील, तर त्याची बाजू भक्कम ठरेल. उलट जुगार, उधळपट्टी किंवा नादारीपूर्वीच्या तीन वर्षांतील हिशेबाचा अभाव दिसून आल्यास न्यायालय मुक्तता नाकारू शकते, लांबणीवर टाकू शकते किंवा तिला अटी घालू शकते. साध्या रोजकीर्द-खतावणीचे मोल अशा वेळी कळते.

मुक्ततेनेही काही देणी सुटत नाहीत. शासनाचे देणे, फसवणुकीतून झालेले देणे आणि न्यायालयाने ठरविलेली पोटगी ही कायम राहतात. जामीनदारही सुटत नाही. वरील उदाहरणात पतसंस्थेच्या कर्जास दोन शेजारी जामीन असतील, तर उरलेल्या दीड लाखासाठी संस्था त्यांच्याकडे जाऊ शकते. म्हणून अर्ज करण्यापूर्वी जामीनदारांना विश्वासात घेणे हे ऋणकोचे कर्तव्य ठरते. संख्येने बहुसंख्य आणि रकमेने तीन चतुर्थांश धनकोंनी मान्य केलेली तडजोड न्यायालयाच्या संमतीने स्वीकारता येते. अशा प्रकरणी ती अधिक हितकारक ठरू शकते.

लोकप्रतिनिधी व कर्मचारी

मुक्त न झालेला नादार संसदेचा वा विधिमंडळाचा सदस्य राहू शकत नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ नेही अशी व्यक्ती पंचायतीचे सदस्यत्व धारण करण्यास अपात्र ठरते. नादारी दुर्दैवाने आली, गैरवर्तनाने नव्हे, असे न्यायालयाचे प्रमाणपत्र मुक्ततेसोबत मिळाल्यास १९२० च्या अधिनियमाखालील अपात्रता दूर होते. पंचायत सदस्याने मुक्ततेच्या वेळीच हे प्रमाणपत्र मागून घ्यावे. शासकीय कर्मचाऱ्याने नित्याचा कर्जबाजारीपणा व नादारी टाळावी आणि तशी कार्यवाही सुरू झाल्यास शासनास कळवावे, असे १९७९ चे वर्तणूक नियम सांगतात.

पुन्हा उभे राहताना

मुक्ततेनंतरचा काळ संयमाचा असतो. सर्वप्रथम मुक्ततेच्या आदेशाची प्रमाणित प्रत काढून जपून ठेवावी. कर्जाची माहिती ठेवणाऱ्या संस्थांकडून प्रत्येकास वर्षातून एकदा स्वतःचा अहवाल विनामूल्य मिळतो. तो मागवून जुन्या कर्जांची नोंद आदेशानुसार दुरुस्त झाली आहे की नाही, हे पाहावे व चूक असल्यास लेखी कळवावे. बँकेचे वसुली प्रतिनिधी त्रास देत असतील, तर आधी बँकेकडे व नंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते.

पुढील एक-दोन वर्षे नवे कर्ज न घेणेच श्रेयस्कर. घरखर्चाची वही ठेवावी, लहान का होईना, नियमित बचत करावी. बचत गटातील अल्प रकमेचे कर्ज वेळेवर फेडत गेल्यास पत हळूहळू परत येते. परवाना नसलेल्या सावकाराकडे मात्र जाऊ नये. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये सावकारीस परवाना आवश्यक आहे आणि बेकायदेशीर सावकारीची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करता येते. सावकाराने बेकायदेशीरपणे बळकावलेली जमीन परत मिळविण्याची तरतूदही त्यात आहे.

नादारीचे काम गुंतागुंतीचे असल्याने विधिज्ञाचा सल्ला अगत्याचा आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अल्प उत्पन्न गटातील लोक यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली तालुका विधी सेवा समितीमार्फत मोफत साहाय्य मिळू शकते.

कर्जाने गांजलेला माणूस बहुधा आधी कुटुंबापासून, मग गावापासून तोंड लपवितो आणि कायद्याची वाट त्यास उशिरा कळते. ग्रामसेवक, शिक्षक व पंचायत सदस्य हे त्याच्या सर्वांत जवळचे जाणकार होत. सर्व देणी एका कागदावर लिहून काढ, काही लपवू नकोस, विधी सेवा समितीकडे चल आणि मुक्ततेची तारीख विसरू नकोस, एवढे चार शब्द त्यांनी वेळेवर सांगितले, तरी एखादे कुटुंब उद्ध्वस्त होण्यापासून वाचू शकेल.