नाताळ आणि ख्रिस्तेतर समाज (बारामती व इंदापूर परिसर)

नाताळ हा येशू ख्रिस्ताच्या जन्माचा सण असून तो दरवर्षी २५ डिसेंबर रोजी साजरा होतो. मराठीतील 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज 'नाताल' या शब्दावरून आला आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती व इंदापूर या तालुक्यांत हिंदू, बौद्ध आणि अन्य ख्रिस्तेतर कुटुंबेही या सणात निरनिराळ्या प्रकारे सहभागी होतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्मीयांची संख्या १०,८०,०७३, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ०.९६ टक्के होती. एवढ्या लहान समाजाचा सण इतरांच्या घरात कसा पोहोचला, याचे उत्तर सहसा शाळा, दूरचित्रवाणी आणि बाजारपेठ असे दिले जाते. या परिसरापुरते ते उत्तर अपुरे आहे. सांताक्लॉजची लाल टोपी दुकानात येण्याच्या कितीतरी आधीपासून येथे भावकीचा आणि शेजाराचा नाताळ होता.

मिशनकार्याची पार्श्वभूमी

मराठी मुलखातील प्रोटेस्टंट मिशनकार्याचा आरंभ अमेरिकन मराठी मिशनने १८१३ मध्ये मुंबईत केला. १८३१ मध्ये या मिशनने अहमदनगर येथे केंद्र उघडले आणि पुढे तेच घाटमाथ्यावरील ख्रिस्ती समाजाचे प्रमुख ठिकाण बनले. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन बारामतीलगतच्या दौंड तालुक्यात केडगाव येथे आहे. खुद्द बारामतीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातील 'चर्चेस ऑफ ख्राइस्ट' या पंथाच्या मिशनने काम सुरू केले. श्रीगोंदा आणि दौंड ही त्याच मिशनची अन्य केंद्रे होत.

ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायद्याखाली बारामतीत एक वसाहत वसवली होती आणि तिची व्यवस्था या मिशनकडे सोपवण्यात आली होती. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या कुटुंबांना तेथे सक्तीने राहावे लागे. त्यामुळे या परिसरातील अनेक विमुक्त कुटुंबांचा ख्रिस्ती धर्माशी पहिला संबंध स्वेच्छेने आला, असे म्हणता येत नाही. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला. मिशनच्या शाळांत शिकलेली बहुतेक मुले आपापल्या धर्मातच राहिली. येशूजन्माची कथा आणि नाताळची गाणी मात्र त्यांच्या परिचयाची झाली.

भावकी आणि शेजार

नगर, पुणे व सोलापूर या पट्ट्यात ख्रिस्ती झालेली कुटुंबे प्रामुख्याने महार आणि मांग समाजांतील होती. धर्मांतर क्वचितच संपूर्ण भावकीने एकदम केले. एक भाऊ ख्रिस्ती झाला आणि दुसरा झाला नाही, असे सर्रास घडले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर महार समाजातील बहुसंख्य कुटुंबे बौद्ध झाली. परिणामी एकाच आडनावाच्या घराण्यात ख्रिस्ती, बौद्ध आणि हिंदू अशी तिन्ही घरे आढळतात. अशा घराण्यात चुलत्याच्या घरी नाताळला जेवायला जाणे हा धर्माचा प्रश्न नसून नात्याचा असतो. न जाण्याचेच कारण द्यावे लागते.

सणाचे बाह्य रूपही परके वाटावे असे नाही. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळसाठी करंज्या, चकल्या, शंकरपाळे आणि लाडू केले जातात व शेजारी फराळाची ताटे पाठवली जातात. दिवाळीत तीच ताटे उलट दिशेने आलेली असतात. चांदणीच्या आकाराचा आकाशकंदील दोन्ही सणांना चालतो. गोव्यात कुसवार आणि दिवाळीचा फराळ यांची अशीच देवाणघेवाण होते.

उपासनेतील संगीत हा आणखी एक दुवा आहे. कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात नगर भागात ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा रुजवली. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी मराठी भक्तिकाव्याच्या वळणाची पदे रचली आणि 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून अशी पदे घरोघरी पोहोचली. बारामती हे मोरोपंतांचे (१७२९–१७९४) गाव असून त्यांच्या आर्या कीर्तनकारांनी पिढ्यान्‌पिढ्या म्हटल्या आहेत. अशा गावात टाळ-मृदंगाच्या साथीने येशूजन्माचे आख्यान लागले, तर श्रोत्याला विषय नवा वाटेल, रीत नव्हे. परधर्मीयांच्या उत्सवाला जाण्याचा सरावही या भागाला जुना आहे. इंदापूर येथील चाँदशावली दर्ग्याच्या उरुसाला सर्व धर्मांचे लोक येतात.

'ख्रिस्तेतर' कोण?

हा शब्द दिसतो तितका सरळ नाही. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० नुसार अनुसूचित जातीचा दर्जा आरंभी केवळ हिंदूंना होता. १९५६ मध्ये तो शीख आणि १९९० मध्ये बौद्ध धर्मीयांना लागू करण्यात आला. ख्रिस्ती आणि मुस्लिम धर्मीयांना तो अद्याप लागू नाही. म्हणजे वर उल्लेखिलेल्या तीन भावांपैकी हिंदू व बौद्ध भावांच्या मुलांना शिष्यवृत्ती व आरक्षण मिळते आणि ख्रिस्ती भावाच्या मुलांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, जरी गावात तिघांची जात एकच धरली जात असली तरी. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.

सी. सेल्वराणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेला निकाल येथे लक्षात घेण्याजोगा आहे. हे प्रकरण पुदुच्चेरीतील होते. बाप्तिस्मा झालेल्या आणि नियमित चर्चमध्ये जाणाऱ्या व्यक्तीला केवळ नोकरीतील आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. नाताळच्या जेवणाला जाणे आणि ख्रिस्ती धर्म पाळणे यांतील अंतर कायद्याच्या दृष्टीने मोठे आहे. तरीही ज्यांच्या हाती जातीचा दाखला आहे, अशा कुटुंबांना शेजाऱ्याच्या सणात किती उघडपणे मिसळावे, याचा विचार करावा लागतो. शहरी मध्यमवर्गीय घरात मात्र मुलांसाठी नाताळचे झाड उभारताना हा प्रश्न मनात येण्याचे कारण नसते.

बौद्ध कुटुंबांसाठी २५ डिसेंबरला स्वतंत्र महत्त्वही आहे. १९२७ मध्ये याच दिवशी महाड येथे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. सकाळी मनुस्मृती दहन दिनाचा कार्यक्रम आणि संध्याकाळी ख्रिस्ती नातेवाइकांकडे फराळ, यांत काही विसंगती नाही. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांत हिंदू देवतांचा नावानिशी उल्लेख आहे, नाताळचा कोठेही नाही.

शाळा आणि बाजारपेठ

इंग्रजी माध्यमाच्या शाळा वाढल्या तसा नाताळचा दुसरा प्रकार रूढ झाला. त्यात सांताक्लॉज, सजवलेले झाड, भेटवस्तू आणि केक असतो; गव्हाणीतले बाळ असलेच तर कोपऱ्यात. हा नाताळ कोणतीही श्रद्धा मागत नाही, म्हणूनच तो सहज पसरतो. जपानमध्येही ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे एक टक्काच आहे आणि तेथे १९७४ पासून एका अमेरिकन कंपनीच्या जाहिरातीमुळे नाताळला तळलेली कोंबडी खाण्याची प्रथा पडली. तेथे या दिवशी सार्वजनिक सुट्टी नसते, भारतात असते.

बाजारानेही स्थानिक चालीरीतींशी जुळवून घेतले आहे. काही वर्षी नाताळ मार्गशीर्ष महिन्यात येतो. गुरुवारचे महालक्ष्मी व्रत करणाऱ्या घरांत तेव्हा मांसाहार वर्ज्य असतो, त्यामुळे बिनअंड्याच्या केकला मागणी असते. (चॉकलेट बनवणाऱ्या एका इटालियन कंपनीचा कारखाना बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतच आहे, हा निव्वळ योगायोग.) केकची विक्री २५ डिसेंबरला थांबत नाही, ३१ डिसेंबरपर्यंत चालते. अनेक ग्राहकांच्या दृष्टीने ती एकच खरेदी असते.

आक्षेप

ख्रिस्तेतरांच्या सहभागावर दोन्ही बाजूंनी आक्षेप घेतले जातात. २०१४ पासून काही हिंदू गट २५ डिसेंबर हा 'तुळशी पूजन दिन' म्हणून पाळतात आणि शाळांतील सांताक्लॉजच्या वेशभूषेला विरोध करतात. चर्चमधील काही धर्मोपदेशकांना सांताक्लॉज आणि खरेदी यांमुळे सणाचा मूळ अर्थ झाकला जातो असे वाटते. दोघांचा रोख शाळेतल्या आणि बाजारातल्या नाताळवर आहे; भावकीतल्या फराळाविषयी सहसा कोणी बोलत नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत अज्ञान विद्यार्थ्याला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात अथवा उपासनेत सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही. लाल टोपी घालून गोळ्या वाटणे ही उपासना ठरते का, यावर वाद घालणाऱ्यांत बहुधा ना टोपी घालणारी मुले असतात, ना चर्चमध्ये जाणारी कुटुंबे.