वैद्याची धनैषणा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात तीन एषणा सांगितल्या आहेत. त्यांत प्राणैषणेनंतर लगेच धनैषणा येते, परलोकैषणा त्यानंतर. आयुष्य दीर्घ लाभावे आणि ते जगण्याची साधने मात्र नसावीत, याहून हीन अवस्था नाही, असा त्यामागील आचार्यांचा आशय आहे. रुग्णांना दीर्घायुष्याचा मार्ग दाखविणारे आपण स्वतःपुरता हा अध्याय सोयीने विसरतो, असे म्हणावे लागते.

खासगी व्यवसाय करणाऱ्या वैद्याला अथवा औषधविक्रेत्याला निवृत्तिवेतन नाही. विचारले तर ‘दुकान आहेच की’ हे उत्तर ठरलेले. परंतु दुकानाचे भांडवल मालात व उधारीत अडकलेले असते आणि चिकित्सालयाचा लौकिक वैद्याच्या हाताबरोबर संपतो. तो विकता येत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांची बचत म्हणजे सायंकाळी येणारी पिग्मी. सवय उत्तम, पण वर्षअखेर ती रक्कम पुन्हा मालखरेदीत जाते. शिवाय ती कोठे ठेवली, हेही पाहावे लागते. माझ्या वडिलांची पिग्मी एका पतसंस्थेत होती. ती बुडाली तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते. बंद केलेले चिकित्सालय त्यांना पुन्हा उघडावे लागले. बँकेतील ठेवींना 2020 पासून प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थांच्या ठेवींना ते नाही. एक टक्का जास्त व्याजाच्या मोहात हा भेद नजरेआड होतो.

म्हणून निवृत्तीचा पैसा व्यवसायापासून अलग हवा. त्याचा पाया म्हणून सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी, अर्थात पीपीएफ, मला सर्वांत योग्य वाटतो. वर्षाला किमान 500 रुपये आणि कमाल दीड लाख रुपये यात भरता येतात. व्याज करमुक्त आहे, आणि व्यावसायिकाच्या दृष्टीने विशेष म्हणजे धनकोला न्यायालयाच्या हुकूमनाम्यावरून या खात्यावर जप्ती आणता येत नाही. महिन्याच्या पाच तारखेनंतरची सर्वांत कमी शिल्लक व्याजासाठी धरतात. वर्षाची रक्कम एकदम भरणाऱ्याने ती 5 एप्रिलपूर्वी भरावी.

पंधरा वर्षांनी मुदत संपताच बहुतेक जण खाते बंद करून चिकित्सालयाला नवे फर्निचर करतात! एप्रिल 2020 मध्ये ठरलेला 7.1 टक्के दर कायम धरला, तर दरवर्षी आरंभी भरलेल्या दीड लाखाचे पंधरा वर्षांत सुमारे 40 लाख 68 हजार होतात. हेच आणखी दहा वर्षे चालविल्यास सुमारे 1 कोटी 3 लाख. म्हणजे भरणा पंधरा लाखांनी वाढतो, संचय बासष्ट लाखांहून अधिक. आसवाचे संधान मध्येच उघडले तर काय होते, हे वाचकांस सांगणे नको. मात्र खाते पाच-पाच वर्षांनी भरण्यासह वाढविण्याचा अर्ज मुदत संपल्यापासून एका वर्षात द्यावा लागतो. अर्ज न करता भरलेल्या रकमेवर व्याज मिळत नाही.

तथापि महागाई सहा टक्के धरल्यास बारा वर्षांत किमती दुप्पट होतात, चोवीस वर्षांत चौपट. त्या वेळचा कोटी आजच्या पंचवीस लाखांइतका. यास्तव काही भाग समभागांत असणे मी आवश्यक मानतो. 1 मे 2009 पासून सर्व नागरिकांस खुली झालेली राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना अथवा कमी खर्चाचा निर्देशांक म्युच्युअल फंड, हे त्याचे साधे मार्ग. पहिल्या योजनेत अखेरीस, रक्कम अल्प नसेल तर, काही हिस्सा वार्षिकीत गुंतवावा लागतो व त्यातून मिळणारे वेतन करपात्र असते. त्याचे प्रमाण वेळोवेळी बदलले आहे, म्हणून प्रवेशापूर्वी चालू नियम पाहावेत.

समभागांत धीर लागतो. जानेवारी 2008 मध्ये 21,000 वर पोहोचलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये 9,000 च्या खाली आला आणि पुन्हा 21,000 दिसण्यास 2010 उजाडले. ज्यास ही जवळजवळ तीन वर्षे थांबणे शक्य नव्हते, त्याने तोट्यात विकले. साठीला तीन-चार वर्षे उरली की हा भाग क्रमाक्रमाने कमी करावा.

केवळ कर वाचविण्यासाठी खाते उघडणाऱ्यांनी हेही पाहावे, की 2023-24 पासून नवी करप्रणाली मूळ धरली जाते आणि तीत पीपीएफच्या भरण्यावर वजावट नाही. प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन असावे, व ही कागदपत्रे कोठे आहेत हे घरातील निदान एका व्यक्तीस ठाऊक असावे.