गणित अडते ते आकृतीपाशी

मेकॅनिक्सचे गणित सहसा सूत्रापाशी अडत नाही. सूत्रे पाठ असतात. राज्याच्या नववीच्या विज्ञान पुस्तकातला पहिलाच धडा 'गतीचे नियम' हा आहे, त्यामुळे 'व्ही स्क्वेअर बरोबर यू स्क्वेअर अधिक टू ए एस' हे अकरावीला येणाऱ्या मुलाच्या तोंडी बसलेले असते. गाडी अडते त्याआधी. गणितात काय घडते आहे, कशावर कोणते बल आहे, याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहत नाही. गृहपाठाला मदत मागायची आणि द्यायची, ती याच ठिकाणी.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात या अडचणीला भाषेची जोड मिळते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात त्वरण, संवेग, जडत्व हे शब्द शिकलेल्या मुलापुढे अकरावी विज्ञानाला ऍक्सिलरेशन, मोमेंटम, इनर्शिया येतात. घरी कोकणा किंवा वारली बोलणाऱ्याला ही तिसरी भाषा. अशा मुलाला गणित येत नाही असे म्हणण्यापूर्वी त्याला प्रश्न कळला का, हे पाहायला हवे. वहीच्या शेवटच्या पानावर मराठी आणि इंग्रजी शब्दांची जोडयादी करून घेणे, ही पहिली आणि अगदी खरी मदत आहे. त्या यादीत 'वजन' हा शब्द जपून लिहावा. दुकानात दहा किलो 'वजन' म्हणतात ते भौतिकशास्त्रात वस्तुमान. वजन म्हणजे पृथ्वी ज्या बलाने वस्तू ओढते ते बल, आणि ते न्यूटनमध्ये मोजतात.

एक गणित जवळून पाहू. नाशिकहून पेठला येणारी एसटी सपाट रस्त्यावर ताशी ३६ किलोमीटर वेगाने धावते आहे. ब्रेक दाबल्यावर ती २० मीटरमध्ये थांबते. त्वरण किती? घाईत ३६ हा आकडा तसाच सूत्रात घातला, तर उत्तर ३२.४ येते. मदत करणाऱ्याने येथे 'चूक' म्हणून खोडू नये. गुरुत्व त्वरण ९.८ असते, याची फक्त आठवण द्यावी. बस त्याच्या तिपटीहून जास्त त्वरणाने मंदावली, तर उभ्या प्रवाशांचे काय होईल? सावळघाटातून रोज ये-जा करणाऱ्या मुलाला हे उत्तर अशक्य आहे हे स्वतःलाच कळते, आणि मग तो एकक तपासतो. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. १०० भागिले ४०, म्हणजे २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग, गतीच्या उलट दिशेला. थांबायला लागलेला वेळ ४ सेकंद.

दुसरी अडचण खोल आहे आणि तिथे नुसती आकडेमोड कामाची नाही. विहिरीतून १० किलोची भरलेली बादली एकसमान वेगाने वर ओढली जाते. दोरावरचा ताण किती? बहुतेक मुले म्हणतात, वजनापेक्षा जास्त, कारण बादली वर चालली आहे. गती आहे म्हणजे त्या दिशेने जादा बल असलेच पाहिजे, ही समजूत ऍरिस्टॉटलइतकी जुनी आहे. गॅलिलिओने तिला धक्का दिला आणि १६८७ साली न्यूटनने 'प्रिन्सिपिया'त गतीचे नियम मांडले. मुलाला हे भाषणाने पटत नाही. बादलीचा एक ठिपका काढायला सांगावे. त्यावर दोनच बाण येतात, वर ताण आणि खाली वजन. वेग बदलत नाही, म्हणजे दोन्ही बाण सारखेच. ताण ९८ न्यूटन. जास्तीचा ताण लागतो तो बादली जागेवरून हलवताना, तेवढ्या क्षणापुरता. दोर ओढून पाहिलेल्या हातांना तो पहिला हिसका ठाऊक असतो.

मदत मागण्याचीही एक रीत आहे. 'हे गणित येत नाही' एवढ्याने शिक्षकाला किंवा आश्रमशाळेतल्या वरच्या वर्गातल्या दादाला काहीच कळत नाही. दिलेल्या राशी, काढायची राशी, आकृती आणि आपण अडलो ती ओळ, एवढे कागदावर घेऊन गेले की दोन मिनिटांत काम होते. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ सालच्या 'हाउ टू सॉल्व्ह इट' या पुस्तकात प्रश्न समजून घेणे ही पहिली पायरी धरली आहे, ती याचसाठी. मदत करणाऱ्यानेही पेन्सिल मुलाच्याच हातात ठेवावी. गाईडमधून किंवा मोबाइलवरून उतरवलेले उत्तर गृहपाठ भरते, परीक्षेत मात्र आकडे बदलून येतात.

गणित सुटल्यावर दुसऱ्या दिवशी आकडे बदलून तेच पुन्हा करावे. बसचा वेग ताशी ७२ किलोमीटर केला आणि ब्रेक तेवढाच ठेवला, तर थांबायला २० ऐवजी ८० मीटर लागतात. वेग दुप्पट, अंतर चौपट. मग तीच बस कोटंबीच्या घाटात उतारावर न्यावी. तिथे वजनाचा एक भाग बसला खाली ओढत राहतो, आणि आकृतीत एक बाण वाढतो.