चुन्याचा थेंब

दिवाळीची पहिली चाहूल आमच्या वाड्यात ओल्या चुन्याच्या वासाने लागे. दसरा उलटला की दादा कळीचा चुना घेऊन येई. अंगणातल्या पिंपात कळ्या टाकायच्या, वर बादलीभर पाणी ओतायचे आणि आम्ही पोरांनी लांब उभे राहून मजा पाहायची. खाली विस्तव नाही, चूल नाही, आणि पाणी मात्र खदखदा उकळे!

मी नऊ वर्षांचा असताना या चुन्याने माझा डावा डोळा जवळजवळ नेलाच होता. दादा शिडीवर उभा राहून सफेदी करीत होता, मी खाली आ वासून पाहत होतो. कुंच्यावरचा थेंब टपकन डोळ्यात पडला. मी किंचाळलो. आजी धावली ती ओरडतच, "पाणी लावू नका रे! चुना उकळेल!" ती तुपाची वाटी आणायला वळली, तोच समोरच्या खोलीतले मास्तर आले. ते शाळेत रसायनशास्त्र शिकवीत. त्यांनी माझे बखोट धरून मला मोरीत नेले, पापण्या बोटांनी उघड्या धरल्या आणि तांब्यामागून तांब्या पाणी ओतले. चांगला अर्धा तास! मग टांग्यातून दवाखाना. डोळा वाचला.

संध्याकाळी आजीने त्यांना गाठलेच. "अहो मास्तर, पिंपात उकळतो तो चुना पोराच्या डोळ्यात कसा उकळला नाही?"

"आजी, त्याची तहान पिंपातच भागली होती," मास्तर म्हणाले.

चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कर्बवायू निघून जातो आणि उरते ती कळी. तिला पाण्याची भारी ओढ. दोघांचा संयोग होताना उष्णता बाहेर पडते. एकदा भिजलेला चुना पुन्हा उकळत नाही. भिंतीवर तो हवेतला कर्बवायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. आमच्या भिंतींवर दरसाल दगडाचाच पातळ थर चढत होता म्हणायचा!

मग डोळ्याला भय कशाचे? चुन्यातल्या अल्कलीचे. कॉस्टिक सोडा तेलात मिसळला की साबण होतो. अल्कली डोळ्यात गेली की तिथल्या पेशींतल्या स्निग्ध पदार्थांचेही तेच होते, आणि ती आत आत शिरत जाते. म्हणून क्षणाचाही उशीर न करता पाणी, आणि तेही भरपूर. अंगावर कोरडी कळीची भुकटी सांडली, तर तेवढी आधी झटकावी आणि मग धुवावे. तुपाने काहीच साधत नाही, उलट वेळ जातो.

चुन्यातला कॅल्शियम हा धातू आहे, हे मला तेव्हा खरेच वाटले नव्हते. त्याच्या घराण्यात मॅग्नेशियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम. शेजारच्या घराण्यात सोडियम आणि पोटॅशियम. ही मंडळी इतकी हावरी की निसर्गात एकेकटी सापडतच नाहीत. लंडनच्या हम्फ्री डेव्हीने 1807 साली विजेच्या जोरावर पोटॅशियम व सोडियम सुटे केले, आणि 1808 साली कॅल्शियमही. मास्तर वर्गात रॉकेलच्या बाटलीतून सोडियमचा मुगाएवढा तुकडा काढून पाण्यात टाकीत. तो वितळून गोळी होई आणि फुसफुसत पाण्यावर धावत सुटे. मिठातला सोडियम तो हाच, असे ते सांगत, तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहत असू.

आतषबाजीतला लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, पिवळा सोडियमचा, हिरवा बेरियमचा. त्यांतल्या बेरियमच्या क्षारांना सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली फटाक्यांत बंदी केली. हिरवा रंग दिसायला देखणा, पण धूर विषारी.

पुढल्या वर्षी सफेदीच्या दिवशी मला अंगणात यायची बंदी झाली. मी खिडकीतून पाहिले. आजीने मास्तरांना काही विचारले नाही की दादाला काही सांगितले नाही. फक्त पाण्याने काठोकाठ भरलेली घागर आणि तांब्या शिडीच्या पायाशी आणून ठेवला, आणि दादा खाली उतरेपर्यंत ती तिथून हलली नाही.