जपानच्या गरम झऱ्यांवर एक रात्र

राजापूरजवळचे उन्हाळे किंवा दापोलीकडचे उन्हवरे इथले गरम पाणी कोकणातल्या आपल्या अनेक घरांना ठाऊक आहे. जपानमध्ये अशा झऱ्यांना ‘ओन्सेन’ म्हणतात. १९४८ च्या तिथल्या कायद्याप्रमाणे जमिनीतून निघतानाच पाणी २५ अंश किंवा त्याहून गरम हवे, नाहीतर ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा त्यात पुरेसा हवा. मुले नोकरी-शिक्षणासाठी तिकडे असली की आईवडिलांसाठी अशा झऱ्यावरच्या हॉटेलात मुक्कामाचा बेत निघतो. बेत चांगला आहे, पण बुकिंग करण्याआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली सतरची. हॉटेलच्या सामाईक हौदात पुरुष आणि स्त्रिया वेगळे असतात, पण अंगावर कपडा चालत नाही. पोहण्याचा पोशाखही नाही, टॉवेलही पाण्याबाहेर ठेवायचा. बायकांमध्ये बायका, मग काय हरकत, असे कुणी म्हणेल. पण बेंबीपासून गुडघ्यापर्यंतचे सतर बाईने बाईसमोर आणि पुरुषाने पुरुषासमोरही राखायचे असते. यावर सोय जपान्यांनीच केलेली आहे. ‘काशिकिरी’ म्हणजे ठरावीक वेळेसाठी राखून घ्यायचा खासगी हौद. दाराला आतून कडी लावायची, मियाँ-बीवीने निवांत बसायचे. खोलीलाच जोडलेला हौद महाग पडतो, आणि त्यात झऱ्याचेच पाणी येते का, हे विचारून घ्यावे. ‘कोन्योकू’ ही पाटी दिसली तर समजावे की तिथे स्त्री-पुरुष एकत्र उतरतात.

दुसरी गोष्ट जेवणाची, आणि फसगत होते ती इथेच. भाड्यात बहुधा रात्रीचे जेवण धरलेले असते. ‘डुक्कर नको’ एवढे सांगून भागत नाही, कारण मासा आणि भाजीसुद्धा ‘मिरीन’मध्ये शिजते, आणि अस्सल मिरीनमध्ये १४ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असतो. ‘साके’ तर सरळ दारूच. हे बुकिंगच्या वेळीच लिहून कळवावे. ताट समोर आल्यावर स्वयंपाकी काही करू शकत नाही. तयारी दिसली नाही तर जेवणाशिवाय फक्त खोली घ्यावी.

माझे मत विचाराल तर पहिल्या खेपेला क्यूशू बेटावरचे बेप्पू गाठावे. इथे दोन हजारांहून अधिक झरे आहेत. २००० साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय विद्यापीठामुळे मुस्लिम विद्यार्थी आले. गावात मशीद आहे. कान्नावा भागात जमिनीतून येणाऱ्या वाफेवर आपण आणलेली अंडी, रताळी, मासे स्वतः शिजवता येतात. मसाल्याची पुडी घरून न्यावी! मात्र शेजारच्या टोपलीत डुकराचे मांस असू शकते, तेव्हा भांडी वेगळी मागावीत. १८७९ पासूनच्या ताकेगावारा स्नानगृहात ‘युकाता’ नावाचा झगा घालून गरम वाळूत गळ्यापर्यंत पुरून घेतात. अंग झाकलेलेच राहते, पण वाळू टाकणारे कर्मचारी पुरुष की स्त्रिया, हे बायकांनी आधी विचारावे.

नमाजला अडचण येत नाही. चटईच्या खोलीत चप्पल घालून कुणी येत नाही, आणि किबला पश्चिमेकडून थोडा उत्तरेला. शौचालयात पाण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते, हे परदेशात केवढे सुख!

रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच हौदात उतरावे. नानी-दादींसाठी रस्त्याकडेला ‘आशियू’ असतात, म्हणजे पाय बुडवायचे उथळ हौद. बरेचसे फुकट. मोजे काढायचे, सलवार घोट्याच्या थोडी वर घ्यायची आणि ओढणी सावरून बसायचे.